हात एक, कामं दोन

बऱ्याच दिवसांनी लिहितोय मंडळी. मधे ऑफिसात रिलीज होता, मग दिवाळी आली, मग... असो. कारणं सांगत बसलो तर लेख त्यातच संपायचा.

आजचा विषय तसा क्षुल्लक आहे. इतका क्षुल्लक की तो डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. मजकुराच्या फाइलमध्ये ओळ संपते, तिथे नेमकं काय असतं? तुम्ही म्हणाल, काय असणार, एंटर मारलेला असतो! चार वर्षं इंजिनिअरिंग आणि सहा वर्षं नोकरी करून मीही तेच म्हणत होतो. पण या न दिसणाऱ्या गोष्टीपायी दिवाळीच्या तोंडावर ३७ माणसांचा पगार अडायची वेळ आली होती. आणि त्याहून वाईट म्हणजे मी एका बाईंवर उगाचच आळ घेऊन बसलो होतो.

तर झालं असं. आमचं घर कुपवाडला. मी पुण्यात नोकरीला, पण महिन्यातून दोनेक वेळा शुक्रवारी रात्री स्वारगेटहून गाडी पकडतो. अण्णा (म्हणजे माझे वडील) एमआयडीसीतल्या एका कंपनीत टायपिस्ट-क्लार्क होते, आता निवृत्त आहेत. त्यांच्या ओळखीच्या एका छोट्या कारखान्यात ३८ कामगार आहेत. तिथला जुना हिशेबाचा प्रोग्रॅम विंडोजवर चालतो आणि पगाराची यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये काढून देतो. ती यादी आणि हजेरी जुळवून बँकेला पाठवायची फाइल बनवायची, हे काम ऑफिसमधल्या ताई दर महिन्याला हाताने करायच्या. दोन दिवस जायचे त्यात. मी ऐटीत म्हणालो, "हे काय, दहा ओळींचं काम आहे!"

लिनक्सच्या लॅपटॉपवर ऑकची दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. यादीत प्रत्येक ओळीच्या शेवटी कामगाराचा कोड होता. तो कोड हजेरीच्या फाइलमध्ये शोधायचा, बस्स. हजेरीची फाइल मी माझ्याच लॅपटॉपवर बनवलेली. स्क्रिप्ट चालवली आणि उत्तर आलं: ३८ पैकी ३७ कोड सापडले नाहीत. वर पडद्यावरचे संदेशही विचित्र. 'कोड अमुक सापडला नाही' असं दिसायला हवं होतं, तर नुसतंच 'सापडला नाही', तेही ओळीच्या सुरुवातीलाच येऊन बसलेलं. कोडचा पत्ताच नाही.

आता स्वतःची स्क्रिप्ट चुकली असेल असं कुठल्या प्रोग्रॅमरला आधी वाटतं? मी फोन लावला, "ताई, कोड नीट टाइप झालेले नाहीत, यादी परत करा." मालकांनाही तेच सांगून मोकळा झालो. ताईंनी बिचाऱ्यांनी शनिवारी रात्री आठपर्यंत बसून, मस्टर समोर ठेवून, नोटपॅडमध्ये सगळी यादी नव्याने टाइप केली. मी स्क्रिप्ट चालवली. पुन्हा ३७!

ताईंना फोन केला तर त्या शांतपणे म्हणाल्या, "दादा, दोन्ही वेळेला शेवटच्या माणसाचं तेवढं बरोबर कसं येतंय? चुकायचंच होतं तर माझ्या हातनं ते पण चुकलं असतं की."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतक्यात अण्णा मागून येऊन पडद्याकडे बघायला लागले. त्यांना ना लिनक्स माहीत ना ऑक. पण ते म्हणाले, "ओळीवर ओळ बसलीय बघ. कॅरेज मागं आलंय, रोलर फिरलेला नाही."

आणि तिथे ट्यूब पेटली.

फाइल बाइट-बाइट उघडून पाहिली. ताईंच्या यादीत प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हं होती, क्रमांक १३ आणि क्रमांक १०. माझ्या हजेरीच्या फाइलमध्ये फक्त १०. माझ्या स्क्रिप्टने १० हा ओळीचा शेवट मानला आणि १३ मात्र कोडलाच चिकटून राहिला. डोळ्यांना दोन्ही कोड सारखे, संगणकाला वेगळे. शेवटच्या नावानंतर ताईंनी एंटर मारलाच नव्हता, त्यामुळे तिथे १३ नव्हता आणि तो एकटा माणूस सुटला! पडद्यावरची गंमतही त्याच १३ ची. त्याचा अर्थच 'कॅरेज मागे ने'. कोड छापला, कॅरेज मागे गेलं आणि पुढचे शब्द त्या कोडवरच छापले गेले. अण्णांनी जे पाहिलं ते शब्दशः खरं होतं.

मग रविवारी सकाळी अण्णांनी माळ्यावरून जुना गोदरेजचा टाइपरायटर खाली काढला. धूळ झटकली, कागद लावला आणि दोन ओळी टाइप करून दाखवल्या. टाइप करताना कागदासकट कॅरेज डावीकडे सरकत जातं. ओळ संपत आली की घंटी वाजते. मग डाव्या हाताचा दांडा उजवीकडे ढकलायचा. त्या दांड्याने आधी रोलर फिरतो आणि कागद एक ओळ वर सरकतो, मग सगळं कॅरेज मागे जातं. अण्णा म्हणाले, "हात एक, पण कामं दोन. नवी पोरं हातानंच कॅरेज ढकलायची, मग ओळीवर ओळ बसायची आणि सर ओरडायचे."

गोदरेजने भारतीय बनावटीचा पहिला टाइपरायटर १९५५ साली काढला. पुढे हे यंत्र आपल्या सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या कारखान्यात बनायचं. २००९ साली ते उत्पादन थांबलं. पुण्याहून कुपवाडला येताना मी दर वेळी शिरवळवरून जातो. माझ्या फाइलीतल्या १३ नंबरच्या चिन्हाचा एक पूर्वज इथे जन्माला यायचा, हे मला कधी सुचलंसुद्धा नव्हतं.

पण टाइपरायटरवर तर एकच दांडा होता. मग फाइलीत चिन्हं दोन कशी आली? त्यासाठी तारखात्याकडे जावं लागतं.

टाइपरायटरला हात ढकलतो. टेलिप्रिंटर मात्र दुसऱ्या गावातल्या यंत्राकडून तारेवरून येणाऱ्या संकेतांवर चालतो. तिथे ढकलणारा हात नाही, म्हणजे प्रत्येक हालचालीला वेगळा संकेत हवा. फ्रान्सच्या एमिल बोदोने १८७४ साली पाच-पाच खुणांच्या संकेतलिपीचं पेटंट घेतलं. १९०१ च्या सुमारास न्यूझीलंडच्या डोनाल्ड मरे नावाच्या एका पत्रकाराने तिच्यात फेरफार केले, आणि मरेच्या संकेतात या दोन हालचालींना जागा मिळाली: कॅरेज रिटर्न, म्हणजे मागे ये आणि लाइन फीड, म्हणजे खाली सरक. पाच खुणांत फक्त ३२ संकेत बसतात. त्यात २६ इंग्रजी अक्षरं कोंबायची, तरी दोन जागा या कामाला दिल्या, यावरून त्यांचं महत्त्व समजा. शिवाय दोन वेगळी चिन्हं असण्यात फायदा होता. नुसतं मागे येऊन त्याच ओळीवर परत छापलं की शब्द ठळक होतो किंवा खाली रेघ मारता येते. नुसतं खाली सरकत राहिलं की चार ओळी मोकळ्या सोडता येतात.

आपल्याकडेही टेलिप्रिंटरचं मोठं राज्य होतं. ही यंत्रं देशातच बनावीत म्हणून १९६० साली मद्रासला हिंदुस्थान टेलिप्रिंटर्स ही सरकारी कंपनी निघाली. वर्तमानपत्रांच्या कचेरीत, तारघरात, मोठ्या कंपन्यांच्या टेलेक्सच्या खोलीत ती खडखड चालू असायची. आपली तारसेवा १४ जुलै २०१३ ला शेवटचा दिवस पाहून बंद झाली. मी तेव्हा शाळेत होतो. बातमी वाचून 'अरे, अजून चालू होती का?' एवढंच वाटलं होतं.

आता सगळ्यात भारी भाग. टेलिटाइप कंपनीचं मॉडेल ३३ हे यंत्र १९६३ साली आलं आणि पुढे संगणकाला जोडायला म्हणून जगभर चाललं. त्याचा वेग सेकंदाला दहा अक्षरं, म्हणजे एका अक्षराला एक दशांश सेकंद. पण ७२ व्या रकान्यापर्यंत गेलेलं कॅरेज एक दशांश सेकंदात मागे येऊ शकत नसे! लगेच पुढचं अक्षर पाठवलं तर ते परतीच्या वाटेतच, कागदाच्या मधेच कुठेतरी उमटायचं. म्हणून आधी 'मागे ये' पाठवायचं आणि कॅरेज धावत असताना 'खाली सरक' पाठवायचं. कागद सरकेपर्यंत कॅरेज जागेवर. म्हणजे १३ आधी आणि १० नंतर, हा क्रम कुणाच्या आवडीने ठरलेला नाही. एका लोखंडी यंत्राला धाप टाकायला दिलेली ती सवड आहे.

त्याच १९६३ साली आस्की ही अमेरिकेची प्रमाण संकेतावली ठरली आणि तिच्यात लाइन फीडला १० आणि कॅरेज रिटर्नला १३ हे अंक पक्के झाले. इथपर्यंत सगळे एकत्र होते. मग वाटा फुटल्या.

१९६४ साली सुरू झालेल्या मल्टिक्स प्रकल्पातल्या मंडळींनी विचार केला की फाइल म्हणजे काही यंत्र नव्हे. फाइलीत कॅरेजही नाही आणि रोलरही नाही. मग 'ओळ संपली' हे सांगायला एक चिन्ह पुरे. त्यांनी १० निवडला. छापताना यंत्राला जे काही लागेल ते त्या यंत्राच्या ड्रायव्हरने बघून घ्यावं. १९६९ साली युनिक्सने हेच उचललं. गंमत म्हणजे युनिक्सवाल्यांच्या टेबलावरही मॉडेल ३३ च होतं, त्यालाही दोन्ही संकेत लागायचेच. पण ते फाइलीच्या बाहेर, वाटेत जोडले जायचे. लिनक्समध्ये टर्मिनलला आजही टीटीवाय म्हणतात, ते टेलिटाइपचंच लघुरूप.

दुसरीकडे गॅरी किल्डॉलची सीपी/एम ही छोट्या संगणकांची प्रणाली १९७४ साली आली. तिने दोन्ही चिन्हं फाइलीतच ठेवली. मेमरी इवलीशी. मधे भाषांतर करत बसण्यापेक्षा फाइल जशीच्या तशी प्रिंटरकडे ढकलली की काम झालं, हा हिशेब त्या काळात अगदी रास्त होता. १९८१ साली मायक्रोसॉफ्टच्या डॉसने तीच रीत घेतली आणि डॉसकडून ती विंडोजकडे आली. तिसरीकडे ॲपलने फक्त १३ ठेवला. की-बोर्डवरचं रिटर्न बटण तोच अंक पाठवतं, मग तोच फाइलीत. १९८४ चा मॅकिंटॉश असाच होता. २००१ साली मॅक ओएस टेन युनिक्सच्या पायावर उभी राहिली, तेव्हा ॲपलवालेही १० कडे आले.

आपल्या देवनागरीचं काय? १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने इस्की ही भारतीय लिप्यांची संकेतावली प्रमाण केली. तिच्यात पहिल्या १२८ जागा आस्कीच्याच राहिल्या. म्हणजे आपली अक्षरं आपली, पण ओळ संपायची ती त्याच १३ आणि १० ने. पुढे युनिकोडने हा घोळ कायमचा मिटावा म्हणून ओळ आणि परिच्छेद तोडायला दोन नवी चिन्हं दिली. ती फारशी कुणी वापरलीच नाहीत. भांडण मिटवायला गेलेला माणूस तिसरा पक्ष होतो, तसंच!

खरं तर आम्हा मिरज-कुपवाडकरांना हे सगळं लगेच समजायला हवं होतं. एके काळी मिरज जंक्शनवर रेल्वेचे तिन्ही गेज होते. पुण्याकडून आलेला ब्रॉडगेज, लोंढ्याकडे जाणारा मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडचा बार्शी लाइटचा नॅरोगेज. १६७६, १००० आणि ७६२ मिलिमीटर. नॅरोगेज घालणारा काही मूर्ख नव्हता, कमी खर्चात गावं जोडायची म्हणून त्याने तो घातला. आपापल्या रुळावर प्रत्येक गाडी नीट चालायची. अडचण यायची ती फक्त मिरजेत, एका रुळावरचा माल दुसऱ्यावर न्यायचा असेल तेव्हा. मग एका वाघिणीतून उतरवा आणि दुसऱ्या वाघिणीत भरा.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरचा दुष्काळ आठवतोय ना? मिरजेहून पाण्याची गाडी गेली, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. ती ज्या वाटेने गेली, तिथे आधी तोच नॅरोगेज होता, तोवर त्याचा ब्रॉडगेज झालेला होता. म्हणून मिरजेत भरलेलं पाणी मधे कुठेही न उतरवता थेट लातूरला पोचलं. गेज ही काही कागदावरची तांत्रिक बाब नसते, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं.

फाइलींचंही असंच. विंडोजचा रूळ विंडोजवर ठीक, लिनक्सचा लिनक्सवर ठीक. भानगड जंक्शनवर होते. आणि माझी चूक अशी की मी जंक्शनवर उभा होतो आणि मला ते माहीतच नव्हतं.

यावरून मी स्वतःसाठी काही नियम केलेत, तुम्हालाही उपयोगी पडतील. बाहेरून आलेली प्रत्येक फाइल दारातच एका गेजवर आणायची. १३-१० ची जोडी असो, नुसता १० असो की एखाद्या जुन्या मॅकचा नुसता १३, आत येताना सगळ्यांचा १० करायचा. त्यासाठी डॉस-टू-युनिक्स नावाची छोटी आज्ञा आहे. पायथन तर २००३ च्या २.३ आवृत्तीपासून, तुम्ही सांगितलंत तर, वाचतानाच हे करून देतं आणि पायथन ३ मध्ये न सांगताही करतं. आतमध्ये सगळीकडे एकच रूळ. बाहेर देताना मात्र समोरच्याला जे हवं ते द्यायचं. बँकेच्या नमुन्यात १३-१० ची जोडी मागितली होती, तर बँकेला जोडीच द्यायची, तिथे शहाणपणा नको. ईमेलचा १९८२ चा नियमही जोडीच मागतो.

दुसरं, जी फाइल मजकुराची नाही तिला हात लावायचा नाही. फोटोमधला १३ हा ओळीचा शेवट नसतो, रंगाचा भाग असतो. जुन्या एफटीपीवर 'आस्की' मोडमध्ये फोटो पाठवून तो बिघडवलेल्या माणसांनी हा धडा घेतलेला आहे. तिसरं, शेवटच्या ओळीनंतर एंटर असेलच असं धरून चालायचं नाही. आणि टीममध्ये काहीजण विंडोजवर, काहीजण लिनक्सवर असतील तर गिटच्या ॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये पहिल्याच दिवशी नियम लिहून टाकायचा. नाहीतर एका शब्दाची दुरुस्ती केली की हजार ओळी बदललेल्या दिसतात आणि रिव्ह्यू करणारा तुमच्या नावाने बोटं मोडतो. :-)

साधं नोटपॅडसुद्धा २०१८ सालापर्यंत नुसत्या १० ला ओळ मानत नव्हतं. लिनक्सची फाइल उघडली की सगळा मजकूर एकाच ओळीत, पंगतीत सगळे एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखा! म्हणजे टेलिप्रिंटरची खडखड बंद होऊन बराच काळ गेला, शिरवळचे टाइपरायटर थांबले, तारघर बंद झालं, तरी तो दांडा आपल्या फाइलींत अजून ढकलला जातोय.

आपण इंजिनिअर लोक इतिहासाला तोंडी लावण्याइतकीच किंमत देतो. नवं फ्रेमवर्क आलं की जुनं विसरायचं. पण त्या रात्री माझी पदवी कामाला आली नाही. कामाला आली ती अण्णांची टाइपरायटरवरची सवय आणि ताईंचा एक साधा प्रश्न. दोघांनीही समोर जे दिसत होतं ते नीट पाहिलं. मी मात्र आधीच ठरवून बसलो होतो की चूक माणसाचीच असणार. 'डेटा खराब आहे' हे वाक्य आपण रोज किती सहज बोलतो! त्या डेटामागे शनिवारी रात्री आठपर्यंत मस्टर घेऊन बसलेलं कुणीतरी असतं.

रविवारी दुपारी स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली. ३८ पैकी ३८. सोमवारी फाइल बँकेत गेली आणि पगार वेळेत झाला. सुट्टी टाकून मी कारखान्यात गेलो, ताईंची माफी मागितली आणि १३-१० चं सगळं पुराण त्यांना ऐकवलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

"म्हणजे माझं टायपिंग बरोबरच होतं ना?"

"हो ताई. दोन्ही वेळेला."

"मग तेवढं मालकांना सांगून जावा."

आत जाऊन सांगून आलो. दहा ओळींच्या त्या कामातली सगळ्यात अवघड ओळ तीच होती.

असो. बरंच लांबलं. टाइपरायटर आता परत माळ्यावर गेलेला नाही, बाहेरच्या खोलीत टेबलावर आहे. कुपवाडला आलात तर दांडा ढकलून बघायला या. पुढच्या शनिवारी भेटूच.